पाड्यावरचं नेतृत्व, रीतीभाती आणि ग्रामसभा: नाशिक जिल्ह्यासाठी प्रशिक्षण कसं असावं?

डोंगरवाट (पेठ, सध्या नाशिक)

जोहार मंडळी.

पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या काही पाड्यांवरच्या पोरापोरींसाठी आमचा छोटा गट वर्षभराचं प्रशिक्षण सुरू करतोय. आपल्या समाजाचा कारभार आपल्या रीतीभातीने आणि कायद्याच्या बळावर कसा चालवायचा, हा विषय. कच्चा आराखडा तयार आहे. तो पक्का होण्याआधी इथे मांडते, कारण पंचायतीत नोकरी केलेले, कायदा जाणणारे, याच भागात वाढलेले बरेच जण इथे लिहितात. पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगा.

प्रशिक्षणं होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. सरपंच-सदस्यांची होतात, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) मोबिलायझरची होतात. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे, प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवणला आहेत. 2025 मध्ये केंद्राने आदि कर्मयोगी अभियान सुरू केलं, त्यात तर देशभरात 20 लाख कार्यकर्ते तयार करायचं उद्दिष्ट आहे. पण मी जी पाहिली त्यांतल्या बहुतेकांचा साचा एकच. तालुक्याच्या गावी हॉल, पडद्यावर कलमं, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि फोटो. पोरगा पाड्यावर परततो तेव्हा पेसाचं रूढी-परंपरा जपायचं कलम 4 (घ) त्याला ऐकून माहीत असतं. पण भगत, कारभारी, म्हाताऱ्या बाया आणि शिकलेली पोरं यांना एकत्र बसवून त्या कलमाचा ठराव कसा करायचा, ते कोणी शिकवलेलं नसतं.

आता माझा मुख्य मुद्दा. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे. त्यातला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला काय काय पुरावा म्हणून चालतं? गुरं चारायच्या जुन्या जागा, कंदमुळं, चारा आणि रानफळं गोळा करायची ठिकाणं, पाणवठे, देवराया, पवित्र मानलेली झाडं, मढी पुरायच्या-जाळायच्या जागा. शिवाय दावेदार सोडून इतर जाणत्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदनसुद्धा चालतं. म्हणजे डोंगरदेवाला कुठल्या वाटेने जायचं, वाघदेव कुठल्या शिवेवर बसलाय, कुठल्या झऱ्याचं पाणी कुठल्या पाड्याचं, हे ज्या म्हाताऱ्याला तोंडपाठ आहे तो त्या दाव्यातला सगळ्यांत मोठा साक्षीदार आहे. आणि आपण प्रशिक्षणाला त्याला बोलावतच नाही. बोलावलंच तर उद्घाटनाला पावरी वाजवायला. मला हे फार लागतं.

संस्कृती एका बाजूला, कारभार दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपल्याकडे कधी नव्हतीच. कोणती झाडं तोडायची नाहीत, मोहाची फुलं कोणी कुठे वेचायची, बोहाड्यात (मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात) कुठलं सोंग कोणाच्या घराकडे, लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान काय, हा सगळा कारभारच आहे. म्हणून आमच्या आराखड्यात प्रत्येक शिकणाऱ्याला त्याच्याच पाड्यावरची दोन जाणती माणसं जोडून दिली आहेत, एक बाई आणि एक बाप्या. वर्षभर त्यांच्यासोबत शिवार फिरायचं, ऐकायचं, त्यांनी होकार दिला तेवढंच लिहायचं. कायदा, हिशेब आणि ठरावलेखन यांच्या बैठका त्याच्या आजूबाजूला.

विचारायचं ते असं: कायद्याचा भाग किती ठेवावा? पैशांचा कारभार कधी शिकवावा? आणि जाणत्यांना मानधन द्यायचं की नाही? आमच्या गटात यावरून दोन तट पडलेत.

सातमाळा

ताई, धागा महत्त्वाचा आहे. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवलं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगल. पण तिथली खरी तयारी त्याआधी कितीतरी वर्षं चालली होती. गावाचा अभ्यासगट बसायचा, बाहेरचे जाणकार बोलावले तरी ते माहिती देणार, निर्णय ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने. बहुमताने निकाल लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला तेव्हा गाव तो कारभार पेलू शकलं, याचं श्रेय त्या अभ्यासगटाला आहे. तुमच्या वर्षभरात पाड्यापाड्यावर असा गट उभा राहिला तरी पुष्कळ.

शिवार_दप्तर

मी पंचायतीच्या नोकरीतून निवृत्त झालो, बराच काळ पेसा क्षेत्रात काढला. ताईंची तळमळ समजते, पण क्रम मला वेगळा वाटतो. आधी पैसा.

2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध (ठरावीक योजनेला न बांधलेला) निधी पेसा ग्रामपंचायतींच्या खात्यावर थेट येतो. तो चार कामांसाठी वापरायचा असतो: पायाभूत सोयी, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वनीकरण-जलसंधारण-वन्यजीव-वनउपजीविका. यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या कामाकडे फारसं कोणी वळत नाही, सगळा ओढा बांधकामाकडे. का? कारण बांधकामाचं अंदाजपत्रक कोणीतरी आयतं करून देतं. देवराईला दगडी बांध घालायचा, पाणवठा साफ करायचा, ज्येष्ठांची निवेदनं नोंदवायची, यांचं अंदाजपत्रक करणारं माणूस पाड्यावर नसतं.

माझं सांगणं एवढंच की तुमच्या पोरांना पहिल्या तिमाहीतच कॅशबुक, पावती-व्हाउचर, पासबुकाचा ताळमेळ आणि कामाचं साधं अंदाजपत्रक शिकवा. ज्याला जमाखर्च वाचता येतो त्याला ग्रामसभेत कोणी गप्प बसवू शकत नाही. रीतीभातींची ओढ त्यांना घरातून आहेच.

नागली_वरई (सुरगाणा)

काका, हिशेब हवाच, पण ओढ घरातून आहे म्हणता ते आता तितकं खरं राहिलेलं नाही. पोरं पाचवीपासून आश्रमशाळेत असतात. दिवाळीनंतर घरंच्या घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामाला उतरतात. पोर घरी नसतं तेव्हा म्हातारी एकटी पाड्यावर, आणि सगळी परत येतात तेव्हा राब आणि नागलीची घाई. थाळगान (थाळीच्या सुरावरचं कथागायन) ऐकत कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा रात्रभर जागवायची, हे माझ्या आईने केलंय, मी थोडं ऐकलंय, माझ्या भाच्यांनी ऐकलेलं नाही.

म्हणून ताई, वेळापत्रकाचा विचार आधी करा. जानेवारी ते एप्रिल बैठक ठेवली तर पोरी येणारच नाहीत, त्या बागेत असतील. लावणी उरकल्यावर, पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ धरा. वाघबारस त्यातच येते. पुढे मार्गशीर्षात डोंगरदेवाला बरीचशी माणसं वेळ काढून परततात, तेव्हा एक मोठी बैठक घ्या. बोहाडा उन्हाळ्यात, तेव्हा पुन्हा एक.

दुसरं बायांबद्दल. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. वनहक्काच्या नियमांत 2012 च्या दुरुस्तीपासून ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बाया लागतात. वनहक्क समितीतही एकतृतीयांश बाया. आमच्याकडे हे कसं होतं सांगते. रजिस्टर घरोघरी फिरतं, बाया अंगठा देतात, सभा झाली. तुमच्या प्रशिक्षणात पोरींना हे शिकवा की महिला सभेचे ठराव वेगळे लिहायचे, ते ग्रामसभेत मोठ्याने वाचायचे आणि इतिवृत्तात त्याची नोंद झालेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही. कुठली भाजी कधी खुडायची, कंद काढताना किती ठेवायचा, बियाणं कोणाकडे जपायचं, हे सगळं बायांच्या हाती आहे आणि वनव्यवस्थापन आराखडा लिहिताना नेमकं तेच गळतं. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचं जंगल सगळ्यांना ठाऊक आहे. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, आनंदच झाला. पण तिथली वनभाजी स्पर्धा मला जास्त शिकवून गेली. रानातल्या किती भाज्या बायांना ओळखता येतात हे सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर मांडलं जातं. ज्ञानाला मान असा द्यायचा असतो.

डोंगरवाट

नागलीताई, वेळापत्रक बदलतेय. पोळ्यानंतर सुरुवात, हे पक्कं. शिवार_दप्तर काका, तुमचंही घेतलं: हिशेब पहिल्या तिमाहीत. पण हिशेब शिकवताना उदाहरण गटाराचं न घेता देवराईच्या बांधाचं घेणार. तुम्ही एखादं अंदाजपत्रक नमुना म्हणून करून द्याल का?

पर्थकर

मूळचा पंचवटीचा, आता बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात. इथे काय चालतं ते थोडं सांगतो, कारण हा विषय इथे रीतसर प्रशिक्षणाचा विषय झालेला आहे.

1992 च्या इथल्या न्यायालयाच्या माबो निकालाने ही भूमी कोणाचीच नव्हती हा जुना दावा मोडला. 1993 मध्ये नेटिव्ह टायटल (मूळ रहिवाशांचा भूमीवरचा हक्क) कायदा आला. हक्क मान्य झाला की तो सांभाळायला त्या समाजाची नोंदणीकृत संस्था लागते आणि तिच्यासाठी 2006 चा खास कायदा आहे. गंमत अशी नाही की कायदा झाला आणि काम संपलं. उलट तिथूनच अडचण सुरू झाली. ज्या समाजात निर्णय कुळांच्या आणि ज्येष्ठांच्या पद्धतीने होत, त्यांना एकदम संचालक मंडळ, वार्षिक सभा, लेखापरीक्षण सांभाळावं लागलं. म्हणून या संस्थांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालयच संचालकांना कारभाराचं प्रशिक्षण देतं. 2012 पासून आदिवासींनीच चालवलेली, फक्त कारभार या विषयाला वाहिलेली एक राष्ट्रीय संस्थाही आहे.

तिथे शिकवताना दोन्ही बाजू धरतात. एकीकडे जमाखर्च आणि कायदेशीर जबाबदारी, दुसरीकडे आपल्या भूमीबद्दल बोलायचा अधिकार कोणाला, कोणाच्या वतीने कोणी बोलायचं नाही, बायांचे विषय कोणते आणि पुरुषांचे कोणते. अनेक संस्थांत संचालक मंडळासोबत ज्येष्ठांची वेगळी परिषद असते. तरुण संचालक हिशेबाला जबाबदार, पण पवित्र जागेचा प्रश्न आला की आधी ज्येष्ठांकडे जायचं. तुमच्या जोड्यांची कल्पना याच्या जवळ जाते.

आणि मानधन द्याच. इथे समारंभाला स्वागत करायला किंवा शिकवायला ज्येष्ठ आले की मोबदला देण्याची रीत आता रुळली आहे. वकिलाला फी देतो, मग शिव दाखवणाऱ्याला का नको?

सोंगाडी_घर (त्र्यंबकेश्वर तालुका)

पर्थकर, बोलायचा अधिकार कोणाला, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या घराकडे बोहाड्याचं एक सोंग परंपरेने आहे. मुखवटा कधी उतरवायचा, कोणी हात लावायचा, कोणते दिवस पाळायचे, हे ठरलेलं आहे. आता दरवर्षी कॅमेरे येतात. काही जण भले असतात, विचारतात. काही जण रात्रीतून शूटिंग करून निघून जातात आणि मग कोणत्या तरी महोत्सवात शहरातला कलाकार तेच सोंग संबळाच्या तालावर भर दुपारी नाचवताना दिसतो. आमच्या म्हाताऱ्यांना त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

मला पोरांनी हे शिकलेलं हवंय: ग्रामसभेने ठराव करायचा की आमच्या पाड्यावरच्या विधींचं चित्रीकरण करायचं असेल तर आधी ग्रामसभेकडे अर्ज, कशासाठी ते लेखी, एक प्रत गावाला, आणि अमुक भाग चित्रित करायचा नाही. असा ठराव करता येतो का? कायदा जाणणाऱ्यांनी सांगावं.

तालुका_वकील

करता येतो आणि करावा. 24 डिसेंबर 1996 च्या पेसा कायद्याचं कलम 4 (घ) स्पष्ट आहे. लोकांच्या परंपरा आणि रूढी, सांस्कृतिक ओळख, सामूहिक संसाधनं आणि तंटे मिटवायची पारंपरिक पद्धत जपायला प्रत्येक ग्रामसभा सक्षम असेल. वनहक्क कायद्याच्या कलम 3 (1) (ट) मध्ये जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक वैविध्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही मान्य आहे. भगताकडची औषधं लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या वनस्पती-प्राणी आणि त्यांबद्दलच्या ज्ञानाची नोंद) लिहायला माणसं येतात, तेव्हाही हाच ठराव कामाला येईल. काय लिहायचं, काय गावातच ठेवायचं, हे आधी ठरवा.

महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 चे. त्यांत वेगळ्या पाड्याला स्वतःचं गाव म्हणून जाहीर करून घेता येतं. पाड्यावरच्या अर्ध्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. डोंगराळ भागात एका ग्रुप ग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे असतात, आणि लांबच्या पाड्याचा देव, पाणवठा, जंगल सगळं वेगळं. तिथे हाच ठराव पहिला धडा म्हणून शिकवा.

ठरावाची ताकद किती, यासाठी ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचं प्रकरण जरूर शिकवा. सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितलं की डोंगर देव आहे की नाही आणि खाणीने त्याच्या पूजेच्या हक्काला बाधा येते की नाही, हे ग्रामसभांनी ठरवायचं. ओडिशातल्या 12 गावांनी सभा घेतल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. पेठ-सुरगाण्याच्या लोकांनी पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पाच्या बातम्या ऐकल्या आहेत, झरी धरणाचं नाव त्यात आहे. तेव्हा ही गोष्ट त्यांना लांबची वाटणार नाही.

पण एक बाजू मी ठामपणे मांडणार आहे. रूढी जपायचा अधिकार म्हणजे कुठलीही रूढी चालवायचा परवाना नव्हे. एखाद्या बाईला भुताळी (चेटकीण) ठरवून गावाबाहेर काढणं, लग्नावरून कुटुंबाला वाळीत टाकणं, दंड म्हणून दारू-बोकडाचं जेवण उकळणं, हे आपल्या पट्ट्यात अजून कानावर येतं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 चा. तंटे मिटवायची आपली पद्धत चांगली आहे, दोन्ही बाजूंना बोलू देते, पैसा खर्च होत नाही, शेजार तुटत नाही. पण अत्याचाराच्या गुन्ह्यावर गावात समझोता करता येत नाही, तिथे पोलीस ठाणंच. पुढारी होऊ पाहणाऱ्या पोरापोरींना गावासमोर उभं राहून हे म्हणता आलं पाहिजे. वर्षभरात एवढं धाडस आलं नाही तर बाकीची कलमं पाठ करून काय करायचं?

नागली_वरई (सुरगाणा)

वकीलसाहेब, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. भुताळीचा आळ येतो तो बहुतेक वेळा एकट्या बाईवर, आणि खोदून पाहिलं तर मागे जमिनीचा तुकडा असतो. यावर बैठक घ्यायची तर भगतांना सोबत घेऊन घ्या. आमच्या भागात असे भगत आहेत जे स्वतः म्हणतात की आळ घालणं हे भगताचं काम नाही. तापाचं पोर आलं तर आधी आरोग्य केंद्रात ने म्हणतात. त्यांनी बोललेलं गाव ऐकतं. बाहेरच्या माणसाने तेच सांगितलं तर आमच्या देवावर उठलाय म्हणतात.

शिवार_दप्तर

अंदाजपत्रक करून देतो. देवराईचा बांध 100 मीटर धरू का?

आणि ताई, एक सुचवतो. शिकणाऱ्यांची परीक्षा कागदावर घेऊ नका. वर्षाअखेर प्रत्येकाने आपल्या पाड्यावर एक खरी ग्रामसभा भरवायला मदत करायची: नोटीस, दवंडी, हजेरी, ठराव, इतिवृत्त, वाचून कायम करणं, सगळं. ते दप्तर बाकीच्या पाड्यांच्या लोकांनी तपासायचं. मी तपासायला येईन, येण्याजाण्याचा खर्चही नको.

डोंगरवाट

काका, 100 मीटर धरा. खर्च मात्र द्यावाच लागेल, जाणत्यांना मानधन द्यायचं तर तुम्हीही जाणतेच.

धाग्यावरून आराखड्यात जे बदललं ते लिहून ठेवते, म्हणजे चूकभूल दिसली तर सांगता येईल. सुरुवात पोळ्यानंतर. पहिल्या बैठका पाड्यावरच, तालुक्याला नाही. हिशेब आणि शिवारफेरी बरोबरीने. मार्गशीर्षातल्या मोठ्या बैठकीत वकीलसाहेबांचे दोन विषय, नियमगिरी आणि भुताळीचा आळ, आणि दुसऱ्या विषयाला आमच्याकडचे दोन भगत बोलतील, त्यांच्याशी मी बोलून घेते. चित्रीकरणाच्या ठरावाचा मसुदा सोंगाडीदादांच्या पाड्यावर बसून करायचा, तो पक्का झाला की इथे टाकेन. त्यातला कोणता भाग जाहीर करायचा हेही तोच पाडा ठरवेल. मानधन द्यायचं ठरलं. त्यावर अजून आमच्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते नाराज आहेत, त्यांचं म्हणणं की पैसा आला की देवाचं सांगणं विकल्यासारखं होतं. त्यांना मी खोडून काढू शकलेले नाही. कदाचित मानधन माणसाला न देता त्या पाड्याच्या देवकार्याला धान्याच्या रूपाने द्यावं. यावर जाणत्यांनाच विचारणार.

एक मदत हवी आहे. शिवारफेरीला गावाचे जुने नकाशे लागतील. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा मिळतो, पण त्यात जंगलाचा भाग कोराच असतो.

सातमाळा

वनविभागाच्या विभागीय कार्यालयात कंपार्टमेंटचे (जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांचे) नकाशे असतात. ग्रामसभेच्या वनहक्क समितीने लेखी मागितले तर दाव्याशी संबंधित माहिती आणि कागद द्यावे लागतात, नियमातच आहे. समितीच्या लेटरहेडवर अर्ज करा, पोच घ्या. माझ्याकडे अशा अर्जाचा मजकूर आहे, व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

सोंगाडी_घर (त्र्यंबकेश्वर तालुका)

मसुद्याला आमच्याकडे या. फक्त पितृपक्ष टाळा, घरात मोठी माणसं त्यात गुंतलेली असतात. धाकट्या चुलत्यांना बोलावून ठेवतो, मुखवट्याचं सगळं त्यांनाच सांगता येईल.